सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर
(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित भाग)

घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल एक तक्रार असते. आजी बांधावरून नीट चालते, पायाखालचा दगड चुकवते, अंगणात कोंबडी शिरली तर तिला हुसकावते. पण समोर उभी असलेली सून कोण, हे मात्र तिला आवाज ऐकल्यावरच कळतं. घरच्यांना वाटतं, म्हातारी सोंग करते. किंवा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत आजोबांचा जुना सोबती समोरून येतो, हसतो, आणि आजोबा ओळख न देता पुढे निघून जातात. मग रुसवा. दगड दिसतो आणि तोंड दिसत नाही, असं कसं होईल?

होतं असं. आणि ते ज्या आजारानं होतं, त्याचं नाव आपल्याकडे अजून फारसं रुळलेलं नाही. वाढत्या वयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, तो हा आजार. डॉक्टर त्याला ‘एज रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन’ किंवा थोडक्यात ‘एएमडी’ म्हणतात. मॅक्युला म्हणजे पीतबिंदू. इथे एक गंमत लक्षात घ्या. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही आजारांची नावं आहेत, पण पीतबिंदू हे आजाराचं नाव नाही. तो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत जन्मापासून असतो आणि त्याच्याच जोरावर आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसं ओळखतो.

डोळ्याची तुलना नेहमी कॅमेऱ्याशी करतात. पुढं भिंग, मागं फिल्म. जुन्या कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या जागी डोळ्यात पडदा असतो. हा पडदा सगळीकडे सारखा नसतो. त्याच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढा एक पिवळसर भाग असतो, तो पीतबिंदू. बारीक तपशील आणि रंग टिपणाऱ्या पेशींची सगळ्यात जास्त दाटी या इवल्याशा जागेत असते. बाकीचा सगळा पडदा बाजूचं बघतो. कोण आलं, काय हललं, वाट कुठे वळली, हे तो सांगतो, पण अक्षर वाचून देऊ शकत नाही. पीतबिंदू बिघडला की माणूस चालताफिरता राहतो, घराबाहेर जातो, आणि तरीही जिथे नजर रोखावी तिथेच नेमका डाग असतो. सुनेच्या तोंडाकडे बघितलं की तोंडच नाहीसं होतं आणि कानातली रिंग तेवढी दिसते. आजी सोंग करत नाही.

हा बिघाड होतो कसा? पडद्याच्या पेशींच्या मागे रंगकणांचा एक पातळ थर असतो. पाहण्याच्या कामात रोज तयार होणारा कचरा उचलणं हे त्याचं काम. गोठ्यातलं शेण रोज काढलं तर गोठा ठीक राहतो. काढणारा म्हातारा झाला, चार दिवस खाडे पडू लागले, की शेण साचतं. तसंच साठीनंतर हा थर थकतो आणि पडद्याखाली पिवळट ठिपके साचू लागतात. डॉक्टर त्यांना ‘ड्रुसेन’ म्हणतात. लहान, थोडे ठिपके बऱ्याच वयस्कांत असतात आणि त्यांचा त्रास नसतो. मोठे, पुष्कळ ठिपके ही मात्र सूचना असते. पुढे काही जणांत तिथल्या पेशी हळूहळू मरतात. हा झाला आजाराचा ‘कोरडा’ प्रकार. दहा रुग्णांमधले आठ-नऊ या प्रकारचे असतात आणि नजर जायला बहुधा वर्षं लागतात.

दुसरा प्रकार ‘ओला’. जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप शिरतं आणि मुळं पसरत भिंत उचकटतात, तुम्ही पाहिलं असेल. तशा पडद्याखालून नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात, फुटतात. पडदा फुगतो, उचलला जातो, आणि त्याच्यावर उमटणारं चित्र वेडंवाकडं होतं. दाराची चौकट मध्येच पोट काढल्यासारखी दिसते, विजेचा खांब नागमोडी होतो. हा प्रकार थोड्यांना होतो, पण या आजारानं ज्यांची नजर फार गेली त्यांच्यातले बहुसंख्य लोक याच प्रकारचे होते. कारण तो वेगानं सरकतो. कोरडा वर्षांचा हिशेब मागतो, ओला आठवड्यांचा.

आता या आठवड्यांच्या हिशेबाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्या भागात नेमकं इथेच अडतं.

आपल्याकडे म्हातारपणी कमी दिसायला लागलं की एकच निदान ठरलेलं असतं: मोतीबिंदू. ते अगदी चूक नाही. २०१५ ते २०१९ या काळात देशात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या दर शंभर अंधांपैकी सुमारे ६६ जण मोतीबिंदूमुळे अंध झालेले आढळले. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भरही मोतीबिंदूवरच राहिला, आणि शिबिरांमुळे लाखो लोकांना पुन्हा दिसू लागलं. पण त्याच्याबरोबर एक सवयही रुजली, वाट बघण्याची. ‘अजून पिकला नाही, पिकू दे.’ ‘उन्हाळ्यात नको, थंडीत करू.’ ‘भातकापणी होऊ दे, मग शिबिर लागेल तेव्हा बघू.’ मोतीबिंदूला ही वाट बहुतेकदा परवडते, कारण भिंग आज बदलली काय आणि सहा महिन्यांनी बदलली काय, त्यामागचा पडदा तसाच असतो. (आजच्या शस्त्रक्रियेला तो पिकण्याची गरजही नाही, पण तो वेगळा विषय.) पीतबिंदूच्या ओल्या आजारात सहा महिने थांबणं म्हणजे पडद्यावर वण पडू देणं. वण पडला की जगातला कोणताही डॉक्टर तिथली नजर परत आणू शकत नाही.

त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामावर निघून जातात. मागे राहतात म्हातारे आणि लहान मुलं. नजर नेमकी अशा वेळी वाकडी झाली तर दवाखान्यात न्यायला घरात कोणी नसतं आणि ‘पोरगा आला की जाऊ’ असं ठरतं. पोरगा येतो पावसाच्या तोंडावर.

आणि एक गैरसमज. मोतीबिंदू आणि पीतबिंदूचा आजार एकाच डोळ्यात असू शकतात, कारण दोन्हींचं कारण वय. मोतीबिंदू फार दाट असेल तर त्याच्या पलीकडचा पडदा डॉक्टरलाही दिसत नाही. शस्त्रक्रिया उत्तम होते, भिंग बसतं, उजेड जास्त वाटतो, पण मधला डाग राहतोच. मग पाड्यावर बातमी फिरते, ‘ऑपरेशन बिघडलं.’ ती ऐकून दुसरे चार जण, ज्यांना त्या शस्त्रक्रियेनं खरंच दिसलं असतं, ते घरी बसतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी ‘पडदा बघितला का? कसा आहे?’ हा प्रश्न विचारायचा. तेव्हा दिसला नसेल तर पट्टी सुटल्यानंतरच्या तपासणीला विचारायचा. प्रश्न विचारला म्हणून कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

किती जणांना होतो हा आजार? भारतात उत्तर आणि दक्षिण अशा दोन भागांत झालेल्या ‘इंडआय’ नावाच्या मोठ्या पाहणीत साठी ओलांडलेल्या दर हजारांपैकी सुमारे बारा जणांत तो पुढच्या पायरीला पोचलेला आढळला. आपल्या महाराष्ट्रात २००६ ते २००८ दरम्यान नागपूरजवळच्या गावांमध्ये तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे बारकाईनं तपासले गेले. तिथेही सुरुवातीच्या खुणा काही जणांत आणि पुढचा आजार अगदी थोड्यांत दिसला. म्हणजे फार नाही, असं तुम्ही म्हणाल. पण हिशेब करून बघा. डहाणू आणि तलासरी मिळून २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. त्यांतली साठीपुढची सात टक्के धरली आणि हजारी बाराचा आकडा लावला, तर या दोन तालुक्यांत साडेचारशेच्या आसपास माणसं निघतात. हा माझा ढोबळ अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण शाळेचे दहा वर्ग भरतील एवढी ही माणसं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या आजाराचं नावही ऐकलेलं नसणार.

ओळखायचं कसं? हा आजार दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, चिपडं धरत नाहीत. शिवाय एक डोळा बिघडला तरी दुसरा निभावून नेतो, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. म्हणून एक-एक डोळा झाकून बघायचं. मार्क ॲम्सलर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञानं गेल्या शतकाच्या मध्याला त्यासाठी चौकटींचं एक साधं चित्र केलं. जगभर आजही तेच वापरतात. आपल्याला ते छापून आणायची गरज नाही. नातवंडाची गणिताची चौकटीची वही घ्या. मधल्या एका चौकटीत पेननं ठळक ठिपका काढा. जवळचा चष्मा असेल तर लावा, वही पुस्तकासारखी हातभर अंतरावर धरा, एक डोळा तळहातानं झाका आणि फक्त ठिपक्याकडे बघा. भोवतीच्या रेघा सरळ आहेत का? कुठे वाकल्यात, तुटल्यात, पुसल्यात? मग दुसरा डोळा. दोन मिनिटांचं काम आहे. साठीपुढच्या माणसानं आठवड्यातून एकदा करावं. सोमवार ठरवा नाहीतर बाजाराचा दिवस ठरवा. वही नसेल तर दाराची उभी चौकट, फरशीच्या रेघा, छपराचा वासा, काहीही चालेल. ज्या घरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला जातो, तिथे तर ही परीक्षा भिंतीवरच आहे. चौकाची रेघ हातानं सरळ काढलेली असून डोळ्याला पोट काढलेली दिसली, तर दोष रेघेत नाही.

इतरही खुणा आहेत. उन्हातून घरात आल्यावर डोळे सरावायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागणं, निवडण-टिपणाला जास्त उजेड लागणं, रंग विटल्यासारखे वाटणं. पण यांतल्या कशाचीही वाट बघू नका. रेघ नव्यानं वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला, तर त्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

जायचं कुठे? कासा इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय. अशा सरकारी रुग्णालयांत डोळे तपासण्यासाठी नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद असतं. तिथे स्पष्ट शब्दांत सांगा, ‘रेघ वाकडी दिसते, इतक्या दिवसांपासून दिसते.’ नुसतं ‘कमी दिसतं’ म्हणालात तर चष्म्याचा नंबर काढण्यात दिवस जाईल. पुढे पडद्याच्या तज्ज्ञाकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागा. त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं: मुंबईत जे. जे. किंवा केईएमसारखी सरकारी आणि महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत, तलासरीच्या लोकांना वापी, वलसाड जवळ पडतं. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावते, तरी चर्चगेट तिथून सव्वाशे किलोमीटर. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं म्हणजे घरातल्या एकाचा दिवसाचा रोज बुडतो, हे मला माहीत आहे. पण ही खेप टाळता येण्यासारखी नाही.

तिथे काय करतात ते आधी सांगून ठेवतो, म्हणजे भीती वाटणार नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून एकट्यानं जाऊ नका आणि मोटरसायकलवरून हमरस्त्यानं परत येऊ नका. मग ‘ओसीटी’ नावाचं यंत्र पडद्याचा आडवा छेद दाखवणारं चित्र काढतं. हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघायचं, बस. कधीकधी हातातल्या शिरेतून पिवळं औषध देऊन फोटो घेतात. त्या दिवशी लघवी गडद पिवळी होते, घाबरू नये.

ओल्या प्रकारावर आज उपाय आहे, आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन शरीरात तयार होतं. कर्करोगाच्या गाठीलाही रक्तपुरवठा लागतो म्हणून ते प्रथिन अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध तयार झालं आणि २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी मिळाली. पडद्याखालच्या त्या पिंपळाच्या मुळांनाही हेच प्रथिन खतपाणी घालतं. २००५ मध्ये अमेरिकेतले डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी या औषधाची अगदी छोटी मात्रा डोळ्यात देऊन पाहिली आणि सूज उतरली. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब आलं, पण ते फार महाग. कर्करोगाच्या औषधाच्या एका कुपीतून मात्र डोळ्याच्या अनेक मात्रा निघतात, त्यामुळे ते कितीतरी स्वस्त पडतं. दोन्हींत फरक किती, हे अमेरिकेच्या सरकारी मदतीनं तपासलं गेलं आणि २०११ मध्ये निकाल आला, की नजरेच्या बाबतीत दोन्ही सारखीच. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्वस्त औषधाला डोळ्यांसाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबचं भारतात बनवलेलं रूपही बाजारात आलं. गरीब माणसाच्या बाजूनं औषधाच्या बाजारात अशी गोष्ट क्वचित घडते.

डोळ्यात सुई म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पण आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, सुई केसासारखी बारीक असते आणि ती बुबुळात नव्हे, पांढऱ्या भागातून देतात. खरी अडचण सुईची नसून तारखांची आहे. सुरुवातीला साधारणपणे दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, आणि नंतर पडदा बघून पुढची. पहिल्या इंजेक्शननं बरं वाटलं म्हणून दुसरं चुकवलं की पाझर पुन्हा सुरू होतो. खर्चाबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सुरुवातीलाच विचारून घ्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या उपचाराचं काय बसतं ते. आणि इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत डोळा दुखला, लाल झाला, नजर आणखी उतरली, तर दिलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत जायचं, कारण जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर डोळा घेऊन जातो.

कोरड्या प्रकाराला असं इंजेक्शन आपल्याकडे रूढ नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये दोन औषधांना मान्यता मिळाली, पण ती झीज थोडी मंदावतात, गेलेलं परत आणत नाहीत. गोळ्यांबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण त्या हल्ली कुणालाही कशालाही लिहून दिल्या जातात. २००१ मध्ये ‘एरेड्स’ नावाच्या अमेरिकन चाचणीचा निष्कर्ष आला: जीवनसत्त्व ‘क’ आणि ‘ई’, बीटा कॅरोटीन आणि जस्त यांच्या ठरावीक मोठ्या मात्रेनं मध्यम पायरीवरच्या रुग्णांत आजार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शानं कमी झाला. मध्यम पायरीवरच्या, हे शब्द महत्त्वाचे. ज्याला आजार नाही, त्याला तो होऊ नये म्हणून या गोळ्यांचा उपयोग दिसला नाही. बीटा कॅरोटीननं बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या पुढच्या चाचणीनंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झिॲझँथिन आलं. ही दोन्ही द्रव्यं पीतबिंदूला त्याचा पिवळा रंग देतात. ती हिरव्या पालेभाज्यांत, मक्यात, अंड्याच्या बलकात असतात. पावसाळ्यात आपल्या रानात फुकट उगवणाऱ्या टाकळा, कुर्डू या भाज्या, परसातला शेवग्याचा पाला, डहाणूच्या किनाऱ्यावरचे बांगडे, तारल्या: म्हाताऱ्या माणसाच्या ताटात हे नेमानं असावं. चिकू गोड आहे, खा, पण तो डोळ्याचं औषध नाही.

आणि बिडी. वय आणि अनुवंश आपल्या हातात नाहीत. आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे. ओढणाऱ्याला या आजाराचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा दोन ते चार पट असतो. उन्हाबद्दल संशोधकांचं एकमत नाही, तरी शेतावर टोपी घालण्यात तोटा काही नाही. मात्र डोळ्यात पाल्याचा रस, मध, जाहिरातीतले थेंब यांतलं काहीही घालू नका. या आजारावर डोळ्यात घालायचे थेंब अजून निघालेलेच नाहीत, आणि रसातल्या जंतूंमुळे बुबुळावर फूल पडलं तर उरलेली नजरही जाते.

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेक रुग्ण कुणालाच सांगत नाहीत. मधली नजर गेलेल्या काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. अंगणात अनोळखी बायका, लहान मुलं, भिंतीवर नक्षी, कधी नुसती तोंडं. ती बोलत नाहीत, आवाज करत नाहीत, आणि येतात तशी जातात. घरच्यांना वाटतं डोकं फिरलं, किंवा कुणी काही केलं. भगताला बोलावलं जातं, कोंबडा जातो, पैसा जातो. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यानं १७६० साली आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांच्या बाबतीत हेच लिहून ठेवलं. म्हातारा शुद्धीवर, शहाणा, आणि तरीही त्याला माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. डोळ्याकडून खबर यायची थांबली की मेंदू रिकाम्या जागी स्वतःची चित्रं भरतो, एवढंच त्यात आहे. ते वेड नव्हे आणि बाधाही नव्हे. पुष्कळांत ते काळानं आपोआप कमी होतं. डोळे मिटून उघडावेत, नजर इकडून तिकडे फिरवावी, दिवा लावावा. चित्र बहुधा विरतं. भगतावर विश्वास असेल तर त्यालाही ही गोष्ट सांगा, कारण पाड्यावरचं माणूस आधी त्याच्याकडेच जातं आणि तो म्हणाला ‘आधी डोळे दाखवून ये’, तर ते ऐकलं जातं. मात्र दिसणारी माणसं बोलू लागली किंवा म्हातारं माणूस त्यांना खरं मानू लागलं, तर कारण वेगळं असू शकतं आणि डॉक्टरला सांगायला हवं.

ज्यांची नजर परत येणार नाही, त्यांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. सरळ न बघता थोडं बाजूला बघितलं की तोंड दिसतं. बरेच जण हे आपोआप शिकतात, बाकीच्यांना शिकवता येतं. घरच्यांनी एवढं करावं: आजीच्या बसण्याच्या जागी खांद्यामागून पडणारा चांगला दिवा, हातात भिंग, पांढऱ्या भातासाठी गडद ताटली, मोबाइलवर मोठे आकडे. आणि समोर आल्यावर आधी आपलं नाव सांगावं, ‘आजी, मी आलो’, एवढं.